सांगोवांगी

पुंता आरेनासमध्ये वारा असा सुटतो
की रस्त्याच्या कडेला दोर बांधून ठेवतात, लोकांनी धरून चालावं म्हणून.
यास्ना वुकासोविच दोर न धरता आली, रात्रपाळीला,
दोन मजले चढून,
जिथे चार राउटर हिरवे डोळे मिचकावत बसलेले.

नकाशा त्यांतल्या एकाकडेही नाही.
नव्या पोरांना ती हे पहिल्या दिवशीच सांगते
आणि कुणाचा विश्वास बसत नाही.
राउटरला जग दिसत नाही, त्याला फक्त शेजारी असतात.
शेजारी सांगतो: अमुक पत्ते माझ्याकडून गाठता येतील,
आणि पुढे क्रमांकांची एक ओळ,
दारातल्या पाहुण्यानं
कुणाकुणाच्या ओळखीनं आलो ते सांगावं तशी.
ऐकणारा आपला क्रमांक ओळीच्या तोंडाशी जोडतो
आणि पुढच्या दारी तेच सांगतो.
ओळीत स्वतःचंच नाव सापडलं, तर निमूट टाकून देतो.
आपलीच बातमी फिरून आपल्या कानी आली,
एवढं त्याला कळतं.

दर मिनिटाला एक शब्द: आहे.
तीन मिनिटं तो आला नाही की शेजारी गेला असं धरतात,
त्यानं सांगितलेली वाट न् वाट पुसतात.
सुतकही नाही.

लहान ओळ बरी, असं शिकवतात.
पण ओळ मोजण्याआधी एक आकडा बघायचा असतो.
तो सांतियागोहून ठरून येतो, त्यात पैशाचा हिशेब असतो.
म्हणून सीमेपलीकडच्या रिओ गायेगोसला,
गाडीनं जेमतेम तीन-चार तास,
मावसभावाला तिनं पाठवलेला कुत्र्याचा फोटो
आधी उत्तरेला सांतियागो गाठतो, मग डोंगर ओलांडून ब्वेनोस आयरेस,
मग अख्खा आर्जेंटिना उतरत खाली येतो.
पाच हजारांवर किलोमीटरचा द्राविडी प्राणायाम.
पापणी लवायच्या आत पोचतो,
म्हणून कुणी तक्रार करत नाही.

जुलैत एका रात्री, दोन वाजून तेरा मिनिटांनी,
उत्तरेच्या केबलवरचं कुठलंसं बेट विजेवाचून बंद पडलं.
तीन मिनिटं ती घड्याळाकडे बघत राहिली.
मग वाटा गेल्या. एक नाही, सगळ्या.
खाली इस्पितळाचा रखवालदार हात हलवत रस्त्यावर आला.

तिनं सॅटेलाइट फोन घेतला, खिडकी उघडली,
वाऱ्यात ओरडून अनिबाल बार्रियाला उठवलं.
तो पलीकडच्या कंपनीत, तिच्यासारखाच, रात्रीचा.
त्याचा पणजोबा चिलोए बेटावरून मेंढ्या कातरायला गेला
आणि परतलाच नाही. अनिबाल आता ‘गाशेगोस’ म्हणतो.
मोंते आयमोंदच्या नाक्यावर दोघांच्या कंपन्यांची एक जोडतार
तीन वर्षं पडून होती, करारावर सही राहिलेली.

‘वरच्यांना विचारायचं?’
‘वरचे झोपलेत.’

सहा ओळी. त्यानं सहा, तिनं सहा.
पडद्यावर ‘सक्रिय’ असं उमटलं,
ज्याचा आमच्या धंद्यात अर्थ, ती नेहमी म्हणते,
अजून काहीच घडत नाहीये.
तिनं एक अंक चुकवला होता. त्यानं तो फोनवर वाचून दाखवला,
शाळामास्तरासारखा.
मग जुळलं.
नऊ लाखांवर वाटा एकामागून एक ओतत आल्या,
ज्यांतली एकही तिनं पाहिली नव्हती, त्यानंही नाही.
त्याच्या शेजाऱ्यानं त्याला सांगितल्या होत्या.

कुत्र्याचा फोटो तिनं पुन्हा पाठवला.
आकडा बघितला. हसली. चहा ठेवला.

सकाळी सातला बेटावर वीज आली,
आठला सांतियागोचं पत्र: कुणाच्या परवानगीनं?
तिनं उत्तर लिहिलं नाही.
आज्ञा आली तशा वाटा मागे घेतल्या,
आणि पलीकडे अनिबालच्या राउटरनं मुकाट्यानं
पुंता आरेनास विसरून टाकलं.

त्या सहा ओळी पुसायच्या होत्या.
तिनं त्यांच्यावर ‘बंद’ एवढा एक शब्द ठेवला,
जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली
आणि खाली जाऊन, या वेळी, दोर धरला.